रबिश, गार्बेज, जंक, बंकम : कुठला शब्द कुठे?

रबिश, गार्बेज, ट्रॅश, जंक, वेस्ट, लिटर. शब्दकोशात या सगळ्यांपुढे ‘कचरा’ लिहिलेलं असतं आणि घोळाची सुरुवात तिथूनच होते. ज्यांची इंग्रजी ही मातृभाषा आहे, ती माणसं हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरत नाहीत. वस्तू कुठे पडली आहे, ओली आहे की सुकी, तिची अजून काही किंमत येईल का, यावर शब्द ठरतो.

पहिली वाटणी देशाची. ब्रिटनमध्ये घरातला कचरा म्हणजे रबिश, अमेरिकेत ट्रॅश किंवा गार्बेज. अमेरिकेतही काटेकोर बोलायचं तर खरकटं, साली, नासलेलं अन्न हे गार्बेज आणि कागद, खोकी, मोडक्या वस्तू म्हणजे ट्रॅश. रोजच्या बोलण्यात ही रेघ आता बरीच पुसट झाली आहे, पण ती उगाच पडलेली नाही. जुन्या इंग्रजी स्वयंपाकघरात गार्बेज म्हणजे कोंबडी-बदक साफ करताना निघणारी आतडी, मुंडकी, पाय वगैरे. रबिशचं नातं मात्र रबलशी, म्हणजे पडक्या बांधकामाच्या दगडविटांशी. डब्याचं नावही देशाप्रमाणे बदलतं : ब्रिटनमध्ये डस्टबिन किंवा नुसतं बिन, अमेरिकेत ट्रॅश कॅन किंवा गार्बेज कॅन. डस्टबिनमधला ‘डस्ट’ म्हणजे मुळात घरोघरी जळणाऱ्या कोळशाची राख. मॅक संगणकावर भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर टाकलेल्या फाइल ‘ट्रॅश’मध्ये जातात, ब्रिटिश इंग्रजी निवडली तर ‘बिन’मध्ये.

लिटरचा निकष जागेचा. चॉकलेटचा कागद डब्यात पडला तर तो रबिश, तोच फुटपाथवर भिरकावला तर लिटर. या शब्दाचा जुना अर्थ जनावरांखाली अंथरलेला पेंढा. त्यातूनच एका वेतातल्या पिल्लांनाही लिटर म्हणतात, आणि घरातल्या मांजरासाठी वाळू भरून ठेवतात त्या पेटीला लिटर बॉक्स. उच्चारात ‘लि’ आखूडच ठेवा, कारण लांबवलात तर ऐकणाऱ्याला दूध-पाणी मोजायचा लीटर ऐकू येईल.

जंक म्हणजे अडगळ, स्क्रॅप म्हणजे भंगार. जंक हा खलाशांचा शब्द, जहाजावरच्या जुन्या, झिजलेल्या दोरांसाठीचा. ते दोर फेकून देत नसत. पिंजून त्यांचा काथ्या फळ्यांच्या सांध्यांत ठासला जाई. आजही जंकमध्ये ‘कुणाच्या तरी उपयोगी पडेल’ ही शक्यता शिल्लक असते, म्हणूनच जंक शॉप असू शकतं. स्क्रॅपचा तर वजनावर भाव होतो. अनेकवचनी ‘स्क्रॅप्स’ मात्र ताटात उरलेल्या अन्नासाठी.

वेस्ट सगळ्यांत व्यापक आणि कागदोपत्री चालणारा. रुग्णालयातला, कारखान्यातला किंवा अणुभट्टीतला कचरा वेस्टच, तिथे रबिश शोभत नाही. वेस्टेज म्हणजे गळती, नासाडी, कापताना-शिवताना होणारी तूट. त्यामुळे ‘वेस्टेज ऑफ टाइम’ खटकतं, ‘वेस्ट ऑफ टाइम’ म्हणावं. तशीच गल्लत सूएज आणि सूअरेजची होते : सूएज म्हणजे सांडपाणी, सूअरेज म्हणजे ते वाहून नेणारी नळांची व्यवस्था. डेब्रीमधला शेवटचा एस मुका आहे, ‘डेब्रिज’ म्हणू नये. रेफ्यूस, म्हणजे कचरा, म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर येतो आणि शेवट ‘स’ने होतो. रिफ्यूझ, म्हणजे नकार देणे, यात जोर दुसऱ्या अक्षरावर आणि शेवट ‘झ’ने. स्पेलिंग दोन्हींचं एकच.

हेच शब्द क्रियापद झाले की फार जपावं लागतं, आणि बातम्यांचे मथळे वाचताना नेमकी इथेच फसगत होते. दावा ‘रबिश’ केला म्हणजे तो धुडकावून लावला. योजना ‘स्क्रॅप’ केली म्हणजे गुंडाळली. हॉटेलची खोली ‘ट्रॅश’ केली याचा अर्थ तिथे मोडतोड केली, सामानाची नासधूस केली. खोली कचऱ्यात टाकली असा अर्थ लावून वाचणारा पुढे पुरता गोंधळतो.

आता बोलण्यातला कचरा. इथे इंग्रजीची श्रीमंती खरोखर थक्क करते, कारण निरर्थक बोलण्याच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळं नाव आहे. शब्दच कळत नाहीत ते जिबरिश. शब्द सुटे सुटे कळतात पण वाक्यातून काही हाती लागत नाही, असं दफ्तरी किंवा कायदेशीर लिखाण म्हणजे गॉबल्डिगूक. हा शब्द 1944 मध्ये मॉरी मॅव्हरिक या टेक्सासच्या माणसाने काढला. अमेरिकी सरकारी खलित्यांची भाषा वाचून तो वैतागला होता आणि टर्की पक्ष्याचा गॉबल-गॉबल आवाज त्याच्या कानात होता. पाल्हाळ लावणं म्हणजे ब्रिटिशांचं वॉफल. टाळ्या मिळवण्यासाठी फेकलेली पोकळ वाक्यं क्लॅपट्रॅप : अठराव्या शतकात नाटकातल्या टाळ्याखाऊ जागेला हे नाव होतं. ड्रिव्हल म्हणजे मुळात तोंडातून गळणारी लाळ, म्हणून अक्कल गहाण ठेवून केलेल्या बडबडीला ते बरोबर लागू पडतं. हॉगवॉश म्हणजे डुकरांना घालायचं खरकटं पाणी.

यांत सर्वांत पक्का इतिहास बंकमचा. 1820 मध्ये अमेरिकी संसदेत मिझुरीच्या प्रश्नावर, म्हणजे मिझुरीला गुलामगिरीसह राज्य म्हणून सामील करायचं का यावर, मतदान व्हायचं होतं. नॉर्थ कॅरोलायनाचे प्रतिनिधी फेलिक्स वॉकर मुद्दा सोडून बोलत राहिले, सभासद कंटाळले, पण आपण आपल्या मतदारसंघातल्या बंकम काउंटीसाठी (जिल्ह्यासाठी) बोलतो आहोत असं सांगून ते थांबेनात. मतदारांना दाखवण्यापुरत्या भाषणाला ‘बंकम’ हे नाव चिकटलं, पुढे त्याचं ‘बंक’ झालं, आणि 1923 मध्ये कादंबरीकार विल्यम वुडवर्ड यांनी त्यावरून ‘डीबंक’ बनवलं : खोट्या समजुतीचा पर्दाफाश करणं. त्यामुळे बंक म्हणताना नुसतं निरर्थक एवढंच सांगायचं नसतं, लोकांच्या गळी उतरवलेलं खोटं असा रोख असतो.

क्रॅप आणि बुलशिट दोन्हींत विष्ठेचा अर्थ आहे. पहिला मित्रांत खपतो, दुसरा उघड शिवराळ आहे. मालिकांतून ते कानावर पडतात म्हणून कामाच्या ईमेलमध्ये उतरवू नयेत. बैठकीत ‘दॅट्स रबिश’सुद्धा तोंडावर मारल्यासारखं लागतं. तिथे ‘दॅट डझन्ट अ‍ॅड अप’ म्हणावं, म्हणजे आक्षेप हिशेबावर राहतो, माणसावर जात नाही.

राहिलं व्याकरण. यातले बहुतेक शब्द मोजता येत नाहीत, म्हणून गार्बेजेस, रबिशेस नाही. प्रमाण सांगायचं तर ‘अ लोड ऑफ रबिश’, ‘अ पीस ऑफ जंक’. आश्चर्य दाखवताना ‘व्हॉट नॉनसेन्स!’, मध्ये ‘अ’ नको. माणसाला उद्देशून ‘यू नॉनसेन्स’ चुकीचंच, कारण नॉनसेन्स बोलणं असतं, वागणं असतं, माणूस नसतो. ‘अ’ लागतो तो मुख्यतः ब्रिटिश वापरात, जसं ‘मेक अ नॉनसेन्स ऑफ समथिंग’, म्हणजे एखाद्या नियमाचा किंवा बेताचा अर्थच घालवून टाकणं.