दिवे घाट चढलेला माणूस आणि २२८ मीटर

बाबांनी चार वर्षं वारीचा पुणे-सासवड टप्पा चालून काढलाय. दिवे घाटात आम्ही धापा टाकत मागे आणि हे पुढून ओरडायचे, "चला रे, म्हातारे झालात का आत्ताच?" त्याच माणसाला गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलं आणि कागदावर आकडा आला २२८ मीटर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाबांना सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर कायमचं खराब झालंय, लिव्हर ट्रान्सप्लांटचा वर्कअप चालू आहे, ताई डोनर. मला वाटायचं वर्कअप म्हणजे रक्त, सोनोग्राफी, सीटी, बस. मेल्ड स्कोर (लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारा आकडा) १९ होता आणि मी तोच धरून बसलेलो, पण मेल्डमध्ये बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन, सोडियम असलं सगळं रक्तातलं असतं, माणूस खुर्चीतून उठतो का नाही हे त्यात कुठेच येत नाही.

साधा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एकदम छान आला होता. इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला आतल्या रक्तातलं किती बाहेर ढकलतं) ६० टक्के, आम्ही खूश, बाबा तर पेढेच मागवायला निघाले. मग हिपॅटॉलॉजिस्ट, म्हणजे लिव्हरच्या डॉक्टर, मॅडमनी शांतपणे समजावलं की लिव्हर बिघडलं की अंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयाला रक्त ढकलायला जोरच लावावा लागत नाही, त्यामुळे पडून काढलेल्या इकोत ते पैलवानासारखं दिसतं. खरी परीक्षा ऑपरेशनमध्ये, नवीन लिव्हर जोडून क्लॅम्प सोडला की थंड, पोटॅशियम जास्त असलेलं रक्त एकदम हृदयाकडे येतं, तेव्हा ते दमलं तर संपलं. म्हणून आधीच ताण देऊन बघायचं.

आता ताण देणार कसा, ट्रेडमिलवर बाबा दोन मिनिटं टिकले नसते. म्हणून डोब्युटामिन स्ट्रेस इको, म्हणजे माणूस पलंगावरच, औषध सलाईनमधून, दर तीन मिनिटांनी डोस वाढवत न्यायचा आणि हृदय पळवायचं. टार्गेट असतं २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के. बाबा ६१ चे, म्हणजे १३५. पोचले ११२ ला. डोस वाढवला, ठोके वाढवायला ॲट्रोपीन दिलं, हातपाय थरथरायला लागले, पण काटा काही पुढे सरकेना. रिपोर्टवर शिक्का काय तर "इनकन्क्लुसिव्ह", म्हणजे काहीच ठरवता येत नाही.

कारण? प्रोप्रॅनोलॉल. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून बाबा दोन वर्षं ती गोळी घेतात आणि तिचं कामच ठोके आवरून धरायचं. ही टेस्ट आम्ही बाहेरच्या एका सेंटरला केली होती, तिथे अपॉइंटमेंट देताना कोणी विचारलंसुद्धा नाही की कुठल्या गोळ्या चालू आहेत, फाईल हातात असताना! चिडचिड झाली खूप. (प्लीज हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळी बंद करू नका, रक्ताची उलटी होऊ शकते, थांबवायची का, किती दिवस, ते डॉक्टरच ठरवणार.) शेवटी मनगटातून ॲन्जिओग्राफी झाली, ब्लॉकेज नाही, सुटलो.

पण माझ्या डोक्यात राहिली ती चालण्याची टेस्ट. ३० मीटरचा कॉरिडॉर, दोन टोकांना नारिंगी कोन, फिजिओ मुलगी घड्याळ घेऊन उभी. शेजारी चालायचं नाही, वेग वाढवायला लावायचं नाही, दर मिनिटाला ठरलेलंच एक वाक्य बोलायचं. दमलात तर भिंतीला टेका, पण घड्याळ थांबत नाही. बाबा चौथ्या मिनिटाला टेकले. भिंतीवर एका जाहिरातीत कुणी हसरे आजोबा जॉगिंग करत होते, बरोब्बर त्यांच्याच पोटाला हात लावून उभे राहिले. मी लांबून बघतोय आणि पुढे जायचं नाही अशी ताकीद. एकूण सात लांब्या आणि वर १८ मीटर. २५० च्या खाली म्हणजे वेटिंगमध्ये असतानाच धोका जास्त, असं मॅडम म्हणाल्या.

त्याच दिवशी फ्रेल्टी इंडेक्स, म्हणजे माणूस किती खंगलाय त्याचा आकडा, तो पण काढला. मुठीची ताकद मोजायचं यंत्र तीनदा दाबायचं, हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं, मग तीन प्रकारे पाय ठेवून दहा-दहा सेकंद तोल सांभाळायचा. पाच उठाबशांना २२ सेकंद लागले, आणि एका पायापुढे दुसरा ठेवून ४ सेकंदांतच डुगडुगले. स्कोर ४.७, आणि ४.५ पासून पुढे फ्रेल धरतात. बाबांना तो शब्द कळला नाही, विचारत होते, फेल म्हणाल्या का? मी म्हटलं नाही हो, फ्रेल. तर म्हणे एकच झालं.

मास्क लावून सायकल मारायची सीपीईटी पण सुचवली होती, त्यात श्वासातून ऑक्सिजन मोजतात, पण तो आकडा किलोला इतका असा येतो आणि बाबांच्या पोटात तेव्हा चार-पाच लिटर पाणी, मग भागायचं कुठल्या वजनाने? मॅडम पण हसल्या, म्हणाल्या पाणी काढल्यावर बघू.

आता सहा आठवड्यांचं काम दिलंय. प्रोटीन किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे अंड्याचं पांढरं, पनीर, मुगाचं धिरडं. झोपायच्या आधी खायलाच पाहिजे, कारण रात्रभर पोट रिकामं राहिलं की शरीर स्नायूच खायला काढतं. आणि एकादशी बंद. यावर आमच्या घरात जे महाभारत झालं ते वेगळ्या पोस्टचा विषय आहे, आईने शेवटी सांगितलं, "विठ्ठलाला मी सांगते, तुम्ही खा."

दुपारी चारला पॅसेजमध्ये चालतात, मी टेपने मोजून दोन्ही टोकांना कुंड्या ठेवल्यात. जेवणाच्या टेबलाची बिनहाताची खुर्ची भिंतीला लावून उठाबशा. काल पाच झाल्या १८ सेकंदांत. सहाव्यांदा उठायला गेले आणि हात पटकन खुर्चीला टेकवला, मी बघितलं तर म्हणतात, "ती मोजू नकोस, ती वरची होती."