आमची वाटचाल : घाट रोडचे थ्रॉटलवाले

बाबा कार्बोरेटरवाले, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग दुरुस्त करणारे. नागपुरात घाट रोडवर आठ बाय दहाची खोली, बाहेर बाकडं, आत पेट्रोलचा वास. पद्मिनी गाडीचं सोलेक्स कार्बोरेटर उघडून, धुऊन, जेट म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं फुंकून परत बसवायला त्यांना दीड तास लागायचा. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते चहा पाजायचे, पण वेळ कमी करायचे नाहीत.

२००० साली उत्सर्जनाचे नवे नियम आले, गाड्या एमपीएफआय झाल्या, म्हणजे कार्बोरेटर जाऊन प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल मिळू लागलं, आणि आजूबाजूच्या लोकांनी आमचं दुकान मनातल्या मनात बंद करून टाकलं. मी तेव्हा नुकता हाताशी आलो होतो. बाबांनी एक थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग, माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, यात नवीन काय आहे ते दाखव. सेन्सर सोडले तर काहीच नव्हतं. हवा अडवणारी तीच गोल चकती म्हणजे बटरफ्लाय, तिला फिरवणारा तोच मधे खाच पाडलेला स्पिंडल, तिला स्पिंडलवर धरणारे तेच दोन पेच. त्या दिवसापासून आम्ही थ्रॉटलवाले झालो. पुढची दहा वर्षं बरी गेली, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

बाबांच्या चिमट्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. तो त्यांनी लकडगंजच्या एका खराद्याकडून करवून घेतला होता. एका जबड्याला पितळी वाटी, तिच्यात पेचाचं डोकं बसतं. दुसऱ्या जबड्याला पाणी दिलेल्या पोलादाचं अणकुचीदार टोक. पेच आवळला की त्याचं शेपूट स्पिंडलच्या पलीकडे दीड-दोन आटे बाहेर येतं. चिमटा दाबला की ते शेपूट फुलतं आणि पेचाला उलटं फिरायला वाट राहत नाही. हेच काम बरेच जण हवेत धरलेल्या स्पिंडलवर पंच ठेवून हातोडीने करतात. स्पिंडल केसभर वाकतो, बटरफ्लाय बोअरला घासते आणि पाय काढला तरी रेस उतरत नाही. चिमट्यात सगळा जोर पेचाच्या दोन टोकांमध्येच राहतो, स्पिंडलला काही कळतही नाही. चाळीस वर्षांत त्याचं फक्त टोक दोनदा बदललं.

आता त्या गाडीबद्दल. धरमपेठेतला एक मुलगा, ऑटोक्रॉसचं, म्हणजे वळणावळणाच्या आखलेल्या मार्गावर घड्याळ लावून गाडी पळवण्याचं वेड. मारुती एस्टीमचं १,२९८ सीसीचं इंजिन, त्यावर भंगारातल्या मोटारसायकलच्या चार थ्रॉटल बॉड्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र. असं काम नागपुरात तेव्हा कोणी हातात घेत नव्हतं. मी घेतलं. चारही स्पिंडलना नवे बुश, म्हणजे ज्यांत स्पिंडल फिरतो त्या कड्या, केले, बटरफ्लाय उजेडासमोर धरून बसवल्या. पेच आधी ढिले ठेवायचे, बटरफ्लाय दोन-तीनदा फटकन बंद होऊ द्यायची म्हणजे ती आपली जागा आपण शोधते, मग आवळायचं. प्रत्येकीला दोन, असे आठ पितळी पेच. ॲसिटोनने आटे धुतले, पेच जखडून ठेवणाऱ्या निळ्या लॉकटाइटचा एकेक थेंब दिला, चिमट्याने शेपटं फुलवली आणि पेचाच्या डोक्यावरून स्पिंडलवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. पेच जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत दिली नाही, कारण लॉकटाइट पूर्ण धरायला २४ तास लागतात.

एवढं सोवळं कशासाठी, असं लोक विचारतात. रांगेतलं चार सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या एका फेरीत दोनदा थरथरतं. ७,५०० आरपीएमला हे झाले सेकंदाला २५० झटके, आणि बारीक पेच अशा आडव्या थरथरीनेच सुटत जातो. साध्या गाडीत सुटलेला पेच निदान मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या, पोकळीत कुठेतरी पडून राहण्याची आशा असते. चार स्वतंत्र थ्रॉटल असले की खाली हातभर नळीसुद्धा नसते, पेच थेट इनटेक व्हॉल्व्हवर. तिथून आत गेला की पिस्टन वर येताना हेडशी, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाशी, जेमतेम एक मिलिमीटरची फट, आणि त्यात चार मिलिमीटरचा पेच.

दोन स्पर्धा गाडी उत्तम पळाली. मग उभ्या गाडीचं आयडलिंग थोडं वरखाली होतं म्हणून मुलाने ती एका मोठ्या वर्कशॉपला दाखवली. काचेचं ऑफिस, स्कॅनर, गणवेशातली पोरं. त्यांनी थ्रॉटल ‘साफ’ करून दिले. तिसऱ्या आठवड्यात तिसरा सिलिंडर गेला. व्हॉल्व्ह वाकला, प्लगचं टोक चेपलं, हेडला खड्डे पडले. हेड त्याच वर्कशॉपने उतरवलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला : घाट रोडच्या कार्बोरेटरवाल्याने पेच नीट लावले नव्हते.

मला कोणी बोलावलं नाही. तुटलेला माल दाखवला नाही. मुलगा आणि त्याचे वडील दुकानात येऊन चार माणसांसमोर नुकसानभरपाई मागून गेले. दोन महिन्यांत दोन ट्रॅव्हल्सवाले तुटले, पार्ट्सच्या दुकानदाराने उधारी बंद केली, माझी तीनपैकी दोन पोरं दुसरीकडे लागली. मेच्या उन्हात शटर अर्धं ओढून मी आत बसून राहायचो. बँकेचा हप्ता भरायला बाबांची लेथ विकली. ती टेम्पोत चढवत होते तेव्हा बाबा घरात होते, बाहेर आले नाहीत. वर्कशॉपच्या मालकाला मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा साहेब मीटिंगमध्ये.

काटोलचे काका नसते तर इथवर आलोच नसतो. संत्र्याची बाग, पद्मिनीच्या काळापासून आमचं गिऱ्हाईक. आता त्यांच्याकडे होंडाची जुनी व्हीटेक सिटी आहे, तीही माझ्याच हातची. त्यांनी बाकड्यावर बसून सगळं ऐकलं, काही बोलले नाहीत. मुलाचे वडील कळमन्याच्या मंडीत अडत्या, काकांचा माल त्यांच्याकडेच जायचा. आठ दिवसांनी काका परत आले ते संत्र्याची पिशवी घेऊन. पिशवीत पिस्टन आणि चारही थ्रॉटल बॉड्या.

“हे पाय. तुह्या बापाच्या हातचा पेच असा नसते.”

भिंग घेऊन बसलो. पहिल्या आणि दुसऱ्या थ्रॉटलवर माझे चार पितळी पेच, शेपटं फुललेली, पिवळी रेघ अखंड. तिसऱ्या आणि चौथ्यावर मिळून तीन पेच, तेही पांढरे, बाजारातले. शेपटं सरळ, आट्यांत लॉकटाइटचा कणही नाही. आठवा पिस्टनच्या माथ्यात रुतून बसला होता. पांढराच. फुलवलेला पेच काढायचा तर आधी शेपूट घासावं लागतं. त्यांनी जोर लावून माझे पेच तोडले असणार आणि हाताला लागले ते बसवले.

अडत्यांनी काकांसमोर मान डोलावली. वर्कशॉपवाल्यांनी आजतागायत एक शब्द काढलेला नाही. चार माणसांसमोर माझं नाव घेतलं होतं, त्या चारांतल्या एकानेही परत येऊन काही सांगितलं नाही. तो पिस्टन माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. जो मागेल त्याला दाखवतो.

गिऱ्हाइकं हळूहळू परतली. काकांनी तर काटोल-नरखेडकडच्या पाच-सहा गाड्या स्वतः आणून लावल्या.

थ्रॉटल उघडणाऱ्यांना माझं सांगणं आहे. एकदा काढलेला पेच पुन्हा लावू नका, चार रुपयांची वस्तू आहे. तेलकट आट्यांवर लॉकटाइट धरत नाही, आधी धुवा. पितळी पेचाला लाल लॉकटाइट लावू नका, पुढच्या वेळी डोकंच तुटून हातात येईल. बटरफ्लायवरचा नंबर कुठल्या बाजूला होता ते काढण्याआधी मोबाइलवर टिपा, तिची कड तिरकी घासलेली असते आणि उलटी बसवली की अडकते. काही नव्या थ्रॉटलमध्ये बटरफ्लायच्या कडेला काळा थर असतो. तो मळ नाही, खरवडू नका. आणि स्पिंडल वरखाली हलत असेल तर पेच कितीही चांगला असला तरी टिकत नाही, आधी बुश बदला. रेसच्या गाडीला तर प्रत्येक स्पर्धेआधी टॉर्च मारून रेघा पाहाच.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरहून शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि आमच्याकडे वेगळ्याच गाड्या येऊ लागल्या. शहरात तीस-चाळीसने फिरणारी गाडी तिथे तासन्‌तास १२० ने पळते, आणि इतकी वर्षं झाकलेली प्रत्येक ढिलाई बाहेर येते. काम वाढलं. गेल्या वर्षी लेथ पुन्हा घेतली. जुनी शोधली होती, मिळाली नाही.

त्या काचेच्या वर्कशॉपमधूनही हल्ली थ्रॉटल बॉड्या येतात. नाव न सांगता एक पोरगा आणून देतो, पण खोक्यावर त्यांचा शिक्का असतो. मी बुश करतो, पितळी पेच लावतो, बाबांच्या चिमट्याने शेपटं फुलवतो, पिवळी रेघ ओढतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच खोक्यात घालून देतो. पैसे रोख घेतो, आणि बिलावर आमच्या दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात लिहितो.