चारही चाकांवर सारखी फट

आज अख्खा दिवस गाडीखाली गेला आणि संध्याकाळी जे दिसलं त्याने मन भरून आलं.

गाडीला कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक, बसवून महिना झाला होता. पुढे चाक आणि फेंडरमध्ये (चाकावरचा पत्रा) दोन बोटं जेमतेम जायची, मागे मात्र तीन. रोज नजर तिथेच अडकायची.

सकाळी टाकी भरून सपाट जागी गाडी लावली. माप जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत घेतलं, म्हणजे टायरमधल्या हवेचा फरक पडत नाही. मागची बाजू १८ मिलीमीटर उंच निघाली. पण स्प्रिंगची कॉलर, म्हणजे स्प्रिंग जिच्यावर टेकते ती फिरणारी रिंग, तेवढी उतरवायची नसते! माझ्या गाडीत मागची स्प्रिंग आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) चाकापासून बरीच आत बसते, त्यामुळे कॉलर थोडी उतरवली की चाकाशी फरक जास्त पडतो. १२ मिलीमीटर पुरले.

जॅकवरून उतरवल्यावर लगेच मापू नका, हे मनापासून सांगतो. चाकं आत ओढलेली असतात, गाडी उंचच दिसते. थोडी पुढे-मागे ढकलली, दाबली, तेव्हा कुठे बसली. आर्मचे बोल्टही चाकांवर वजन आल्यावरच शेवटचे आवळले, नाहीतर आर्मच्या सांध्यातलं रबरी बुश पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

उद्या अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. टो (वरून पाहताना चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बिघडला तर टायर एका कडेने झिजतील. मागची बाजू उतरली, म्हणून हेडलाइटचा झोतही तपासायचाय.

आत्ता उन्हं कलताना बाजूने पाहिलं. पुढे दोन बोटं, मागेही दोनच. कितीतरी वेळ नुसता बघत उभा होतो.