तुम्ही विचारलंत म्हणून : डब्यामागे हेतू काय

हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. बाहेरचे विचारतात, "ताई, दवाखान्यात अनोळखी माणसांना रोज डबे देता, खरं सांगा, बाटवायचंय का लोकांना?" आणि आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, विचारतात, "डबे देतेस ते ठीक, पण प्रभूचं नाव का घेत नाहीस? मग तुझ्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला?" बरीच वर्षं दोन्ही ऐकतेय. एकदाच नीट लिहून टाकते.

आधी जे चिडून सांगायचंय ते सांगते. पैसा परदेशातून येत नाही. ज्वारी-तांदूळ आमच्या घरातला आणि दोन शेजारणींच्या घरातला, त्यातली एक माळकरी, दर एकादशीला उपास करणारी, आणि तिच्या भाकऱ्या माझ्यापेक्षा पातळ होतात. तिला आजपर्यंत एकानेही हेतू विचारलेला नाही, मलाच विचारतात. 1893 साली पुण्यात पंडिता रमाबाईंनाही हेच विचारलं होतं. शारदा सदन या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेतल्या मुली ख्रिस्ती होतायत म्हणून गदारोळ झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालक मुलींना काढून घेऊन गेले. आम्ही नगरची ख्रिस्ती माणसं ही गोष्ट ऐकतच मोठी होतो आणि मी कायम रमाबाईंच्या बाजूने भांडायचे, त्यांनी विधवा पोरींना जवळ केलं तेव्हा तुम्ही कुठे होतात म्हणून. अजूनही त्यांच्याच बाजूची आहे. पण आता भांडताना आवाज चढत नाही, कारण 2011 च्या डिसेंबरात जे झालं ते मला माहितीये.

तेव्हा मी प्रत्येक डब्याच्या पिशवीत सुवार्तेची, म्हणजे येशूच्या संदेशाची, छापील पत्रिका घालायचे. त्यात लपवण्यासारखं काही वाटायचं नाही, माझ्याकडे असलेली सगळ्यात चांगली गोष्ट देतेय असंच वाटायचं. पाथर्डीकडची एक बाई होती, नवरा ऊसतोडीला गेलेला, ट्रॉलीवरून पडून मांडीचं हाड मोडलं, पायात रॉड घातलेला, बरेच आठवडे वॉर्डात. बाई दोन पोरांना घेऊन व्हरांड्यात झोपायची. मी डबा द्यायचे, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचे, जाताना म्हणायचे, रविवारी उपासनेला या ना. सहज म्हणायचे. म्हणजे मला तरी सहजच वाटायचं.

ती आली. सलग तीन रविवार, दोन्ही पोरांना आंघोळ घालून, तेल लावून, मागच्या बाकावर दाराजवळ बसायची. मी हुरळून गेले. नाताळच्या आधी महिला मंडळात उभं राहून साक्ष दिली, की देवाने माझ्या डब्यांना फळ दिलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तिच्या कुटुंबासाठी प्रार्थना केली.

चौथ्या रविवारी गाणी चालू असताना ती हळूच माझ्या बाकापाशी आली, धाकटं खांद्यावर, अंग नुसतं तापलेलं. कानाशी वाकून म्हणाली, "ताई, ल्योक लई तापलाय. आज निम्म्यातनं गेले तर चालंल का? डबा बंद नाय ना व्हनार?"

मी फक्त "नाही होणार बंद, जा" एवढंच म्हणाले. बाहेर तिच्या मागे गेले नाही. पोराला दवाखान्यात दाखवायला सोबत गेले नाही. बाकावर बसून राहिले आणि पुढचं गाणं म्हटलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आणि लगेच दुसऱ्या दिवशी तिला सांगावं ना, की बाई, यायची काही गरज नाही, डब्याचा त्याच्याशी संबंध नाही? ते पण नाही सांगितलं. दोन दिवस गेले. टाळ्या वाजल्या होत्या ना, आता मंडळाला काय सांगणार. बुधवारी सांगितलं. तिने मान हलवली, आणि पुढच्या रविवारी परत येऊन बसली. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसला नव्हता. नवऱ्याला घरी सोडलं त्या दिवशी डबा घासून लख्ख करून परत आणला आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत माझ्या सगळ्या पत्रिका, एकावर एक नीट लावलेल्या. "तुमचे कागद, ताई. एक बी हरवला नाय." तिला वाचता येत नव्हतं.

तेव्हापासून पत्रिका बंद. हे मंडळीतल्यांना उत्तर आहे, पटो न पटो.

तरी पाळकसाहेब म्हणतात तेही खोटं नाही. "जाऊन शिष्य करा" ही काही कुणी नंतर चिकटवलेली ओळ नाही, प्रभूची आज्ञा आहे. मी त्यांना दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सांगते, दहाही बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, पण बाकी नऊ जणांचा रोग काही परत आला नाही. ते म्हणतात, खरंय, पण येशूने विचारलं ना, बाकीचे नऊ कुठे आहेत? यावर माझ्याकडे उत्तर नाही. मलाही वाटतं त्यांना तो माहीत व्हावा. ज्याच्यामुळे मी पहाटे साडेचारला उठते त्याचं नावही घ्यायचं नाही, ही माझीसुद्धा घुसमट आहे, ती तुम्हाला दिसत नाही एवढंच.

आणि अजून एक. माझी पणजी 1899-1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथगृहात आली, सहा-सात वर्षांची, आईबाप मेलेले. "दुष्काळात बाटलेले" हे मी शाळेत ऐकलंय. पणजीला कुणी विचारलं असेल का, पोरी, तू मनाने येतेस की भाकरीसाठी? तीही मागच्या बाकावर दाराजवळच बसली असेल. पण तिची मुलगी, माझी आजी, अंधारात गोधडीवर गुडघे टेकून माझं नाव घेऊन प्रार्थना करायची ती मी कानाने ऐकलीये, आणि ती खोटी होती असं मला कुणी सांगू नये. मग सुरुवात भाकरीने झाली म्हणून काय बिघडलं, असं मन म्हणतं. लगेच ती पाथर्डीची बाई आठवते, खांद्यावर तापलेलं पोर, आणि नाही, बिघडलं, असं वाटतं. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं.

हल्ली कुणी विचारलं तरच सांगते. मागच्या आठवड्यात शेवगावकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, कशापायी करता हो हे? मी म्हटलं, "बाबा, मी येशूला मानते, त्याच्यापायी." डब्याकडे आलेला त्यांचा हात थांबला. मी घाईघाईने म्हटलं, तुम्हाला काही करायचं नाहीये, बाबा, जेवा फक्त. त्यांनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं, मग डबा घेतला आणि उशाशी ठेवला. मी होते तोवर उघडला नाही.