आनंदाच्या बातमीला कोरडं "अरे वा"

रडू येत नाही, हसू येत नाही, दूध आणायला खाली उतरावं आणि दुकानासमोर आपण का आलो तेच आठवू नये, असं चाललंय हल्ली. आज ताईचा फोन आला. भाची दहावी पास, ९१ टक्के! पलीकडे नुसता गलका. मी "अरे वा, मस्त!" म्हणाले, आवाजही बरोबर लागला. आत मात्र काहीच हललं नाही. सगळं काचेपलीकडे घडत असल्यासारखं. दुःख झालं असतं तरी चाललं असतं, निदान ते कळतं तरी.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं: थायरॉइड, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी-१२. मला वाटलं, मनाचं दुखणं आणि सुई दंडात! पण बी-१२ कमी निघालं. आम्ही पक्के शाकाहारी, त्यात हे सर्रास आढळतं म्हणे. विसराळूपणा, थकवा त्यानेही येतो. तरी "एवढ्यावर थांबू नका" म्हणत त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. नैराश्यात माणूस रडतोच असं नाही, कधी नुसता बधिर होतो, हे तिथे कळलं.

तूर्तास गोळ्या, वेळेवर झोप, आणि फारच तुटल्यासारखं वाटलं की गार पाण्याखाली हात धरून आजूबाजूच्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. सासूबाई दारातून बघतात. बघू देत.

"पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांना लांबून नमस्कार. कुणाचं असंच चाललं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीतही बोलतात.