फ्रँकफर्टचं १९२६ सालचं स्वयंपाकघर आणि थंडीआधीची कामं

पुण्या-मुंबईत नवा फ्लॅट घ्यायला गेलं की बिल्डर कौतुकानं मॉड्युलर किचन दाखवतो. त्या किचनची पणजी इथे जर्मनीत, फ्रँकफर्टमध्ये आहे. शहराच्या वायव्येला रोमरश्टाट नावाची वसाहत आहे, यू-वन ही मेट्रो थेट तिथे जाते. स्टेशनावरून चालत गेलं की एर्न्स्ट-माय-हाउस लागतं. १९२०च्या दशकातलं हे साधं रांगेतलं घर जसंच्या तसं जपलेलं आहे, मागची बागसुद्धा. रोज उघडं नसतं, त्यामुळे वेळा बघूनच निघावं. आणि शक्यतो ऑक्टोबरात जावं. उन्हाळ्यात ते नुसतं देखणं वाटतं. काचांवर बाष्प धरायला लागलं की त्यातला कुठला कप्पा कशासाठी होता ते कळतं, आणि जर्मनीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना थंडीआधी घरात काय करायचं तेही.

हे स्वयंपाकघर व्हिएन्नाच्या मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की (१८९७–२०००) यांनी आखलं. फ्रँकफर्टचे नगररचनाकार एर्न्स्ट माय यांनी त्यांना १९२६ मध्ये बोलावून घेतलं. पहिल्या महायुद्धानंतर शहरात घरांची भयंकर टंचाई होती. कमी खर्चात हजारो घरं उभी करायची, तर प्रत्येक चौरस फुटाचा हिशोब आला. स्वयंपाकघराला वाट्याला आली साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटरची जागा, म्हणजे जेमतेम ७० चौरस फूट. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर हा त्यांचा नमुना. कुठल्या कामाला किती पावलं आणि किती सेकंद लागतात हे मोजून मांडणी ठरवली. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. त्याच दशकात मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या आणि तिथे १६० चौरस फुटांच्या एका खोलीत मोरीसकट अख्खं घर मावत होतं, हे शेजारी ठेवून पाहिलं तर ७० चौरस फूट नुसते रांधायला मिळणं ही त्या काळातली चैनच म्हणायची.

गंमत म्हणजे बाईंनी स्वतः तोवर संसार केला नव्हता की रोजचा स्वयंपाक. ते त्यांनीच सांगून ठेवलंय.

आता थंडीकडे. या स्वयंपाकघराच्या आधी जर्मन कामगाराच्या घरात चूल असलेली खोली हीच बसायची-उठायची खोली असायची. चुलीची ऊब फुकट मिळे, पण वाफ, धूर आणि वास सगळ्यांच्या डोक्यावर. माय आणि मंडळींनी रांधणं वेगळं काढलं. मध्ये सरकता दरवाजा ठेवला, आणि शेगडीपासून जेवणाच्या टेबलापर्यंतचं अंतर ३ मीटरच्या आत. दरवाजा लोटला की वाफ आत कोंडते आणि खिडकीतून बाहेर काढता येते. आजच्या ओपन किचनमध्ये नेमकं हेच जमत नाही. दिवाणखान्यातल्या शेगडीवर कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की ती वाफ गार पडलेल्या बेडरूमच्या कोपऱ्यात जाऊन बसते, आणि जानेवारीत कपाटामागे काळी बुरशी दिसते. आमच्या मते शंभर वर्षांपूर्वीची ती भिंत पाडून आपण फार काही कमावलेलं नाही.

त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे खण सगळ्यात जास्त फोटो काढून घेतात. हाताला धरायला मूठ, पुढे निमुळतं तोंड. खण ओढायचा आणि थेट पातेल्यात ओतायचं, चमचा-वाटी नको. तांदूळ, साखर, जव, ओट्स अशी नावं आधीच उठवलेली, त्यामुळे घरमालकिणीला स्वतःचा क्रम लावायची सोय नव्हती. तूरडाळ-पोहे तर सोडाच. पीठ मात्र ओकच्या लाकडी खणात, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे कीड लागत नाही असं धरलं होतं. कपाटांना निळसर हिरवा रंग दिला तो माशा त्यावर बसत नाहीत या तेव्हाच्या समजुतीतून. कापायच्या फळ्या बीच लाकडाच्या.

असे जुने खण इथल्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, अजून मिळतात. घ्यायचे असतील तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खणाला घट्ट झाकण नसतं. हीटिंग सुरू होऊन घर उबदार राहायला लागलं की धान्यातल्या पतंगांना रान मोकळं. भारतीय दुकानातून आणलेला रवा, बेसन, डाळ आधी आठवडाभर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी मरतात. मग पाकीट बंदच ठेवून पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरचं बाष्प धान्यावर धरतं. दुसरं, मीठ, चिंच, आमसूल त्यात ठेवू नका. अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडतात. डिशवॉशरमध्येही टाकू नका, काळे पडतात. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण, लगेच कोरडे पुसणे. जुनं रंगवलेलं कपाट घेतलंत तर कोरड्या पॉलिशपेपरनं घासू नका. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ पोटात जाते.

खरा कौतुकाचा भाग मात्र बहुतेक पाहुणे बघतच नाहीत: शेगडीजवळची उष्णता धरून ठेवणारी पेटी. पातेलं उकळून आत ठेवायचं, झाकण लावायचं, बाकीचं शिजणं आतल्या आत. वीज-गॅस वाचवायला ती होती, पण शरद ऋतूत तिचा दुसरा फायदा जास्त मोठा, घरात वाफ जवळपास सुटतच नाही. ही पेटी घरी बनवायला खर्च नाही. जाड खोका घ्या, तळाला आणि चारी बाजूंनी १० सेंटिमीटर जाडीची जुनी लोकरीची चादर किंवा रजई दाबून बसवा, वर तेवढ्याच जाडीची उशी. थर्माकोल थेट गरम पातेल्याला लावू नका, मऊ पडतो.

तूरडाळ अर्धा तास भिजवा, तिप्पट पाणी घाला, जड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून १० ते १२ मिनिटं खळखळून उकळा आणि उकळी मोडायच्या आत पेटीत ठेवा. दोन तासांत शिजते. भाताला एका वाटीला पावणेदोन वाट्या पाणी, ४ मिनिटं उकळी, ४० मिनिटं पेटीत. काबुली चणे रात्रभर भिजवून २० मिनिटं उकळले तर चार-पाच तास लागतात. राजम्याला ही पेटी वापरायची तर भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात आधी अर्धा तास जोरात उकळा. कच्च्या राजम्यातला विषारी घटक मंद आचेवर मरत नाही, पोट बिघडतं. फसतं कुठे? पातेलं अर्धं रिकामं असलं की, कारण थोड्या अन्नात उष्णता थोडीच मावते. पातेलं निदान दोनतृतीयांश भरलेलं हवं. मध्येच झाकण उघडून बघितलं तरी फसतं. पेटीतलं अन्न ६० अंशांच्या खाली जाऊन तासन् तास राहता कामा नये, म्हणून वाढण्याआधी पुन्हा एक उकळी काढाच.

जुन्या घरांत खिडकीखाली भिंतीतच एक कपाट सापडतं, त्याला बाहेर उघडणारं जाळीचं भोक. फ्रिज घरोघरी येण्याआधी दूध-लोणी तिथे राहायचं. फ्रँकफर्टच्या या स्वयंपाकघरातही हवा खेळती असलेलं अन्नाचं कपाट होतं. अशा कपाटाची भिंत पातळ असते, म्हणून थंडीत पायाला गार झुळूक लागते आणि लोक बाहेरचं भोक बोळा कोंबून बंद करतात. हे करू नका. भोक बंद आणि दार गळकं असलं की घरातली दमट हवा आत शिरून गार भिंतीवर पाणी धरते आणि महिन्याभरात बुरशी. त्यापेक्षा दाराच्या आतल्या बाजूला २ सेंटिमीटरची इन्सुलेशनची फळी लावा, चौकटीला फोमची चिकटपट्टी लावा, भोक उघडं राहू द्या. आत बटाटे छान राहतात, फक्त तापमान ४ अंशांखाली गेलं की ते गोडसर होतात, म्हणून कडाक्याच्या थंडीत काढून घ्या. लाल भोपळा तिथे ठेवू नका, त्याला १० ते १५ अंश लागतात.

खिडक्यांची तपासणी कागदानं होते. कागदाची पट्टी चौकटीत धरून खिडकी बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर तिथलं रबर सैल. पल्ल्याच्या कडेला धातूच्या गोल खुंट्या असतात, त्यातल्या बऱ्याच अ‍ॅलन-कीनं फिरवून दाब वाढवता येतो. रबर कडक झालं असेल तर ते बदलायला घरमालकाला लिहा. भाड्याच्या घरात ते त्याचं काम.

आणि मग रोजची हवा. खिडकी वरून तिरकी करून दिवसभर ठेवणं ही आपल्याकडच्या लोकांची हमखास सवय. हवा फारशी बदलत नाही, वरची भिंत मात्र गार पडते आणि तिथेच बुरशी येते. खिडकी सताड उघडा, समोरासमोरच्या दोन असतील तर उत्तम. ऑक्टोबरात १० ते १५ मिनिटं, डिसेंबर-जानेवारीत ५ पुरे, दिवसातून तीन-चारदा, आणि स्वयंपाक झाल्याझाल्या एकदा. तेवढ्या वेळापुरता रेडिएटर, म्हणजे खोली तापवणारा भिंतीवरचा हीटर, बंद. दहा-पंधरा युरोचा आर्द्रतामापक घ्या, ४० ते ६० टक्क्यांत राहायला हवं. शेगडीवरची चिमणी बहुतेक भाड्याच्या घरांत हवा गाळून पुन्हा आतच सोडणारी असते. तिचा कोळशाचा फिल्टर फोडणीचा वास धरतो, वाफ नाही. बाहेर हवा फेकणारी चिमणी असेल आणि घरातच गॅसचा बॉयलर असेल तर जपा. काही बॉयलर ज्वाळेसाठी हवा खोलीतूनच घेतात. बंद खोलीत चिमणी चालली की धुराड्यातला विषारी वायू आत ओढला जाऊ शकतो. खिडकी उघडल्याशिवाय चिमणी चालू होणार नाही असा स्विच तिथे असायला हवा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही.

हीटिंगचा हंगाम साधारण १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल धरतात. पहिल्या दिवशी दोन तक्रारी ठरलेल्या. रेडिएटर वर गार, खाली गरम आणि गुळगुळ आवाज: आत हवा अडकलीय. पाच मिलिमीटरची चौकोनी चावी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आधी गरम करा, मग थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरची आकडे असलेली मूठ, बंद करून थोडा वेळ थांबा. खाली वाटी, हाताखाली फडकं धरून कडेचा हवा सोडायचा स्क्रू चावीनं अर्धा फेरा फिरवा. हवा फुसफुसून जाईल, पाण्याची सलग धार आली की लगेच बंद. घराचा स्वतःचा बॉयलर असेल तर नंतर दाब बघा, काटा १ ते २ बारच्या मध्ये हवा. इमारतीचा एकच बॉयलर असेल तर हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, सांगूनच करा, पाणी भरणं त्याच्याकडे असतं.

दुसरी तक्रार: रेडिएटर गारढोण, काही केल्या तापत नाही. उन्हाळाभर बंद राहिल्यानं थर्मोस्टॅटच्या आतली व्हॉल्व्हची पिन अडकलेली असते. थर्मोस्टॅटचं डोकं काढा, पिन बोथट लाकडानं हळूच आत दाबा, ती स्प्रिंगनं बाहेर आली पाहिजे. पक्कडीनं ओढू नका, निघून आली तर पाण्याचा फवारा. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात आकडा ५ वर ठेवा म्हणजे अडकणार नाही. आणि हे आकडे वेगाचे नव्हेत, तापमानाचे. ३ म्हणजे साधारण २० अंश, पुढचा-मागचा प्रत्येक आकडा चार-एक अंशांचा. ५ वर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त वर्षाअखेरचं बिल तापतं.

हे उरकलं की उरतात ते लांबट जांभळे आलुबुखार. सप्टेंबरात बाजारात यांचे ढीग असतात. रबराची गोल पट्टी, काचेचं झाकण आणि दोन चिमटे असलेल्या वेकच्या बरण्या प्रत्येक सुपरमार्केटात दिसतात. एक किलो फळं अर्धी करून बिया काढा, कापलेली बाजू खाली करून बरणीत दाबून भरा. लिटरभर पाण्यात ४०० ग्रॅम साखर आणि एक दालचिनी उकळून तो पाक गरमच ओता, वरून २ सेंटिमीटर जागा सोडा. रबर दोन-तीन मिनिटं पाण्यात उकळून ओलंच बसवा. मोठ्या पातेल्यात तळाला फडकं, पाणी बरण्यांच्या पाऊण उंचीपर्यंत, आणि ९० अंशांना अर्धा तास. पूर्ण गार झाल्याशिवाय चिमटे काढू नका. मग चिमटे काढून झाकणाला धरून बरणी किंचित उचला. धरून राहिली तर जमलं. सुटली तर बहुधा काठाला टवका गेलेला असतो किंवा काठ पुसायचा राहिलेला असतो. ती बरणी फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. महिन्याभरानं केलरमध्ये, म्हणजे तळघरात, झाकण आपोआप सुटलेलं दिसलं, तर चाखून न बघता सरळ टाकून द्या.