हतनूरच्या फुगवट्यावर दोन दिवस

जानेवारीत मुक्ताईनगरला मामाकडे गेलो होतो, खरं कारण वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, पण दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले चल चांगदेवला जाऊन येऊ आणि मग दोन दिवस मी पाण्याकाठीच होतो.

चांगदेवला तापी आणि पूर्णा भेटतात. तापी येते मुलताईहून सातपुड्याच्या कडेकडेने, आणि पूर्णा येते अकोला-बुलढाण्याकडच्या काळ्या मातीतून, खारपाणपट्ट्यातून (जिथे जमिनीखालचं पाणी खारं असतं), म्हणून पावसाळ्यात पूर्णेचं पाणी म्हणजे नुसतं काल्यासारखं गढूळ. चांगदेवाच्या मंदिराच्या मागे उभं राहिलं की समोर समुद्रच वाटतो, पण हे सगळं खाली हतनूरच्या धरणामुळे मागे फुगलेलं पाणी. दोन मोठ्या नद्या आपापली माती घेऊन इथे येतात आणि पाणी संथ झालं की ती माती खाली बसते. धरणात गाळ किती साचलाय यावर इकडे कायम बोलणं चालू असतं, आणि त्याच गाळावर हे सगळं पाणथळ उभं आहे हेही तितकंच खरं.

धरणाला ४१ दरवाजे आहेत. वर जोरात पाऊस झाला की ते उघडतात आणि पाणी तापीतून खाली गुजरातकडे, उकाईकडे निघून जातं. हिवाळ्यात मात्र पाणी जायच्या वाटा वेगळ्या असतात. उजव्या कालव्याला आवर्तन सुटतं, म्हणजे ठरल्या पाळीचं पाणी, ते यावल-चोपड्याकडच्या शेतांना जातं, दीपनगरच्या वीज केंद्राला जातं, गावांच्या नळाला जातं, थोडं जमिनीत मुरतं, आणि उरलेलं आपलं ऊन पितं. भुसावळचा मे महिना ज्याने काढलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

मामाची गाळपेर आहे. म्हणजे पाणी उतरलं की काठाची जी जमीन उघडी पडते ती एका हंगामापुरती कसायला मिळते, तिथे ते हरभरा लावतात. वर पाऊस नाही, पंप नाही, फक्त गाळात धरून ठेवलेल्या ओलीवर पीक. मी ढेकूळ उचलून फोडलं तर वरून राखाडी कोरडं आणि आत थंडगार, बोटाला चिकटणारं, आणि शंख-शिंपल्यांचे बारीक तुकडे. मी म्हटलं मामा, इथे ऑगस्टमध्ये केवढं पाणी असेल, तर त्यांनी डोक्याच्या वर हात नेला.

मला इतकी वर्षं वाटायचं की तलाव भरलेला तो चांगला आणि आटायला लागला की वाईट. इथे उलटं दिसलं. भरून वाहत्या खोल पाण्यात शेकाट्या पक्षी उभा राहणार कुठे, त्याचे पाय लांब असले तरी किती! पाणी रोज थोडं मागे हटतं, ताजा चिखल उघडा पडतो, त्यात किडे-अळ्या असतात, आणि शेकाट्या, तुतारी असे पक्षी त्या ओल्या पट्ट्यामागे सरकत जातात. चक्रवाक आणि पट्टकादंबांचे थवे जरा वर, कोवळ्या गवतात. वर्षभर पाणी एकाच रेघेवर धरून ठेवलं तर धरण राहील, पण ही काठाची ओली पट्टी राहणार नाही, असं मला अगदी मनापासून वाटलं.

काठावर जुन्या पाण्याच्या रेघा होत्या, काडीकचरा आणि वाळलेल्या शेवाळाच्या, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. मी मोजायला लागलो, सोळापर्यंत मोजल्या, पुढे गुरांनी तुडवलेलं होतं, प्रत्येक खुराच्या खड्ड्यात वाटीभर पाणी अजून तसंच साचलेलं.

संध्याकाळी मामांनी बाभळीची एक काटकी मोडून बरोबर पाण्याच्या कडेला रोवली. "आवर्तन सुटलं का मंग रोज सरकतं, बघजो सकाळी."

रात्री शेकोटीपाशी शेव भाजी आणि भाकरी, झोप नीट लागलीच नाही थंडीने. सकाळी धुकं होतं, काटकी आधी दिसेचना. सापडली तेव्हा ती कोरड्यात उभी होती, पाणी तिच्यापासून सव्वा हात लांब, आणि मधल्या मऊ गाळावर बारीक तीन बोटांचे ठसे, काटकीपासून थेट पाण्यापर्यंत गेलेले.